बोनेटातला प्रसाद

सेवकरामला किळस यायला फार काही लागत नसे. एसटीच्या खिडकीखाली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची वाळलेली लाल धार दिसली, की सकाळचे पोहे त्याच्या घशाशी यायचे. म्हणूनच दवनीवाड्याहून गोंदियातल्या आपल्या कापडदुकानात तो रोज स्वतःच्या पांढऱ्या गाडीनं जायचा. गाडी म्हातारी, कार्बोरेटरवाली. पण आत अगरबत्तीचा वास, सीटवर धुतलेली चादर. अख्ख्या तालुक्यात बसण्यासारखी तेवढीच एक जागा उरली आहे, असं त्याचं ठाम मत होतं.

आता तीही जायची वेळ आली होती. गाडी पेट्रोल नुसती ढोसायची अन् मागून काळा धूर सोडायची. शेवटी त्याची बायको, गीताबाई, हिनं निकाल दिला, "अजी, दसऱ्यापरेंत एव्हरेज सुधरला नाही त देऊन टाका भंगारवाल्याले. मंग जात जा एसटीनं."

"एसटीनं?" सेवकरामचा घास तोंडातच फिरला.

"सारं जग जाऊन राहिलं. तुमालेच काऊन मळमळते?"

त्यानं पंप बदलून पाहिला. नव्या पंपावरचा माणूस नोझल धरलेल्या हातानंच खर्रा घोटत होता; तो पंपही सुटला. चाकांत हवा भरावी, तर पंक्चरवाला ट्यूब बुडवायच्या टबातच चूळ थुंकायचा. इंजिन ऑइल बदलावं, तर त्याचा रंग नालीच्या पाण्यासारखा. त्यामुळे गाडी दिवसातून दोनदा बाहेरून पुसली जायची आणि बोनेट उघडायचं ते फक्त दसऱ्याला, पूजेपुरतं.

नाइलाजानं, नाकाला रुमाल लावून, तो गोंदियातल्या उमेंद्र मिस्त्रीकडे गेला. उमेंद्रनं एअर फिल्टरचा डबा उघडला आणि पटकन मागे सरला.

"काकाजी, अंदर तो किरायेदार बैठा है! गाडी सांस कुठून घेईन?"

डब्यात अख्खं बिऱ्हाड होतं. चिंध्या, तणस, लाह्या, बत्ताशाचे तुकडे, लेंड्या आणि मधोमध वाळून पापड झालेला उंदीर. वास असा, की रुमालानंही हात टेकले. सेवकराम नालीवर वाकला आणि पोहे गोंदियालाच ठेवून आला.

"लाह्या कोनं टाकल्या जी यात?" उमेंद्रनं विचारलं.

सेवकराम तोंड पुसत राहिला. दर दसऱ्याला पूजा झाली, की लाह्या-बत्तासे तो बोनेटमध्येच ठेवून झाकण लावायचा. बाहेर सांडले तर कोणाच्या पायाखाली येतील, कोणाची पिंक पडेल! प्रसादाचं पावित्र्य जपता जपता त्यानं उंदीर पोसला होता.

उमेंद्रनं नवा फिल्टर घातला, प्लग साफ केले, ऑइल बदललं, चाकांत हवा भरली. "आता दर महिन्याले फिल्टर काढून झटकाचा. नाही त नवा किरायेदार येईन."

"तूच झटकत जा ना गा."

"झटकन ना, काकाजी!" उमेंद्र हसला. दात लालभडक.

"राहू दे," सेवकराम म्हणाला. "मीच झटकीन."

धूर थांबला. तेवढ्याच पेट्रोलात गाडी आणखी एक दिवस गोंदियाला जाऊन येऊ लागली. गीताबाईनं पेट्रोलच्या काट्यावरच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. "काटा बिघडला त नाही जी?" तिला खात्री पटायला आठवडा लागला.

दसऱ्याला पूजा झाली. लाह्यांची वाटी घेतलेला सेवकरामचा हात सवयीनं बोनेटकडे गेला आणि थबकला. साऱ्या लाह्या त्यानं उभ्या उभ्या खाऊन टाकल्या. मग नाकाला रुमाल बांधला, हातांत प्लास्टिकच्या पन्न्या चढवल्या आणि फिल्टर काढून तिथंच इंजिनावर झटकला.

टप्पकन एक लेंडी पडली. ताजी. पडली ती पुन्हा इंजिनाच्या खोबणीतच.

"लावू का भंगारवाल्याले फोन?" ओसरीवरून गीताबाई.

"कायले?" सेवकराम रुमालाआडून गुरगुरला. बोटाजवळ पन्नी फाटली आहे, हे त्याला दिसलं होतं. त्यानं श्वास रोखला, डोळे मिटले आणि लेंडी चिमटीत उचलली.