मामांचं बटन

वैशाखातली दुपार. घाटनांदूरच्या डेअरीत उकाड्यानं टाकीभर दूध तापत होतं आणि मी कीबोर्ड बडवत होतो. दूध थंड करणारा चिलर माझ्या प्रोग्रामवर चालायचा. प्रोग्राम कंप्युटरच्या मागच्या पोर्टमधून त्याला इशारा द्यायचा. जुना कंप्युटर जळाला म्हणून सकाळी नवा बसवला, तर त्याचं कर्नल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांवर देखरेख ठेवणारा त्याचा गाभा, माझा प्रोग्राम सुरू होताच मारून टाकत होतं. पुन्हा चालवला की पुन्हा तेच.

"वायरमनला बोलवू का?" ऑपरेटर मामांनी विचारलं.

"पाच मिनिटं थांबा हो!" असं मी तीन तास म्हणत राहिलो.

जुन्या कंप्युटरात पोर्टला कुणीही हात लावावा, विचारणारं कुणी नव्हतं. नव्यात कर्नलची परवानगी लागते. ती मी मागितलीही होती! पण माझ्या प्रोग्रामचे दोन भाग एकाच वेळी चालायचे. परवानगी मागितली एकानं, पोर्टला हात घातला दुसऱ्यानं. कर्नल मात्र मागेल त्यालाच देतं. हे एवढंसं कळायला तीन तास गेले.

चिलर सुरू झाला तेव्हा मामा टाकीचं झाकण उघडून वास घेत होते.

"नासलं," ते म्हणाले. "आपलं बटन का म्हून काढलं हो तुमी? हातानं चिलर चालू केला असता की."

बटन मीच काढलं होतं, कुणीही हात लावतं म्हणून, मामांवर खेकसून. कर्नलकडं निदान परवानगी मागता तरी येते. मी मामांना तेवढीही सोय ठेवली नव्हती.