हिरड्यांआडचे दात

निवृत्त व्हायला आठवडा उरला, तेव्हा दवाखान्यात कवळ्या करणाऱ्या बाईला सारखी डॉक्टरीणबाईंची आठवण येऊ लागली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. पण मागच्या खोलीत मेण वितळल्याचा वास सुटला, की त्या आत्ता दारातून डोकावतील असं तिला अजून वाटायचं.

ती इथे पहिल्यांदा आली दहाव्या वर्षी, आईचं बोट धरून. हातांवर, पाठीवर, कानशिलांवर दाट काळे केस. शाळेत पोरं तिला ‘अस्वली’ म्हणायची. वडील शिंपी, भर उन्हाळ्यातही तिला मनगटापर्यंत बाह्यांचे झगे शिवून द्यायचे. पण तिचं खरं दुखणं तोंडात होतं. दुधाचे दात पडले आणि नव्यांच्या जागी हिरड्याच फुगत गेल्या. ओठ मिटेनात, घास चावेना.

डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं आणि म्हणाल्या, “बाळ, बाही वर कर बघू.”

आई कावरीबावरी झाली. “दातांचं दाखवायला आलोय हो आम्ही.”

“केस आणि हिरड्या, मला दोन्हींचं मूळ एकच वाटतंय. घरात आणखी कुणाला आहे असं?”

“हिच्या आत्याला. पण ती कुणासमोर तोंडच उघडत नाही.” मग आई खालच्या आवाजात म्हणाली, “सासूबाई म्हणतात, दिवस गेलेले असताना माझ्याच खाण्यात काहीतरी आलं.”

“काही नाही आलं. हे घराण्यातून आलंय, नाकाची ठेवण येते तसं. तुमचा काडीचा दोष नाही.”

दहा वर्षं दाबून ठेवलेलं रडं आईने तिथेच, त्या खुर्चीला धरून मोकळं केलं.

एक्स-रेत हिरड्यांखाली सगळे दात शहाण्यासारखे रांगेत उभे होते. वाढलेल्या हिरड्या चार खेपांत कापल्या. शेवटच्या खेपेला जखमेवर थापलेलं लुकण निघालं, तेव्हा ती दिवसभर दातांवरून जीभ फिरवत बसली.

“आणि केस?” तिने विचारलं.

“काढलेस तरी पुन्हा येतील. ठेवायचे की काढायचे, मोठी झालीस की तूच ठरव. हिरड्याही वाढतील बरं का. तेव्हा मात्र धावत ये.”

त्या वाढल्याच. पंधराव्या वर्षी, मग बाविसाव्या. दर खेपेला नंबर लागेपर्यंत ती मागच्या खोलीत कवळ्या कशा होतात ते बघत बसायची. बघता बघता हात बसला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच ठेवून घेतलं. केस तिने कधी काढले, कधी राहू दिले. पुढेपुढे विसरूनच गेली.

आत्याला मात्र तिने हट्टाने आणलं. आत्या पन्नाशी उलटलेली. हिरड्यांत दडलेले दात खिळखिळे होऊन गेलेले. ते काढावेच लागले.

“कवळी तूच करायची,” आत्या तोंडावर पदर धरून म्हणाली. “परक्यांपुढे नाही मी तोंड उघडायची.”

तिने मेणात दात सात वेळा लावले, सात वेळा काढले. कवळी बसली त्या दिवशी आत्या जी सुटली, ती थांबेचना. माहेरच्या गोष्टी, शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या, काय काय!

शेवटी बाकावरचे आतोबा कळवळून म्हणाले, “अगं पोरी, तीस वर्षं मी एका मुक्या बाईशी संसार केला. ही कोण बसवून दिलीस?”

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, की पुढच्या पेशंटला त्यांना दहा मिनिटं थांबवावं लागलं.