सत्कार नको, वेळ लिहा

सोमवारी दुपारी निकालाची यादी मोबाइलवर आली आणि माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा होता. जेवणाचा डबा उघडा ठेवून मी ती यादी तीनदा वर-खाली केली. नाव माझंच, नंबर माझाच, वयोगटही माझाच. शेरा मात्र दुसऱ्या कुणाचा तरी असावा.

बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर मी पुरे केले होते. माझ्या घड्याळात वेळ होती पाच तास एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंद. पहाटे साडेपाचला सुटलो होतो, मर्यादा सहा तासांची.

मी डेअरीत दुधाच्या टँकरच्या वेळा लावते. गगनबावड्याकडून निघालेला टँकर आत आला आणि गेटवर त्याची वेळ कुणी लिहिली नाही, तर टँकर आलाच नाही असं आम्ही म्हणत नाही. ज्यानं लिहिलं नाही त्याला बोलावून घेतो. इतका साधा नियम आहे. मॅरेथॉनवाल्यांच्याकडे उलटा. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी आले नाही.

नुसत्या मानाचा प्रश्न असता तर मी एक दिवस चिडून गप्प बसले असते. पण पुढच्या हिवाळ्यात मला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या मॅरेथॉनला जायचं होतं. तिथल्या प्रवेशासाठी आधी पूर्ण केलेल्या मॅरेथॉनचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्यावर वेळ लागते. वय एकोणपन्नास. ती शर्यत माझ्या यादीत चार वर्षं पहिल्या नंबरावर आहे. ते प्रमाणपत्र मी मिळवलं होतं आणि ते मला मिळत नव्हतं.

झालं होतं असं. छातीवरच्या नंबराच्या कागदामागे एक चिप चिकटवलेली असते. शेवटच्या कमानीखाली रबरी चटई अंथरतात. चटईवरून माणूस पळत गेला की त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. प्रमुख पाहुणे बक्षीस द्यायला नऊला येणार होते, ते आले अकरा वाजून गेल्यावर. तोवर आयोजकांना सुचलं की पाहुण्यांना कमानीखालूनच चालवत न्यावं, फोटो चांगला येतो. मग रस्त्यापासून व्यासपीठापर्यंत लाल गालिचा आला. गालिच्याखाली चटईचा उंचवटा लागतोय, पाहुण्यांचा पाय अडखळेल, म्हणून चटई गुंडाळून टेम्पोत टाकली. हे मला नंतर चटई अंथरणाऱ्या माणसानंच सांगितलं, तेही अगदी सहज, लग्नात पंगत बसवायला खुर्च्या हलवल्या असं सांगावं तसं.

मी एकटी नव्हते. चौतिसाव्या किलोमीटरला माझे पाय संपले होते आणि मी रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होते. तेव्हा मागून इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार आला. चाळिशीचा असेल. पायात कॅनव्हासचे बूट, हातात घड्याळ नाही.

“ताई, थांबू नका,” तो म्हणाला. “थांबलं की पाय धरत्यात. मागाचं बी तसंच हाय. एकदा बंद केला की चालू व्हायला रडवतोय.”

शेवटचे आठ किलोमीटर आम्ही बरोबर काढले. थोडं पळत, थोडं चालत. कमान दिसली तेव्हा तो म्हणाला, “आता चालायचं न्हाय, लोक बघत्यात.” म्हणून पळालो. आणि कमानीपासून वीस पावलांवर एक बिल्लेवाला दोन्ही हात पसरून आडवा आला.

“कडेनं, कडेनं! गालिच्यावर पाय देऊ नका, पावणं यायलेत!”

“मग आमी कोण?” माझा जोडीदार म्हणाला. पण पळता पळता भांडता येत नाही. मांडवाच्या कनातीला घासत आम्ही कडेनं गेलो. पलीकडे खोक्यातून पदक मिळालं. पदक मिळालं म्हणजे झालं, असं मला वाटलं. ही माझी चूक. मी तिथेच उभी राहून वेळ लिहून घ्यायला पाहिजे होती.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर मी घड्याळातली वेळ माझ्या सरावाच्या वहीत उतरवली आणि ती वही घेऊन आयोजकांच्या सचिवांकडे गेले. पन्नाशीचा, हसतमुख, आवाज मोठा.

“बसा वैनी. पैलं च्या घ्या.”

“चहा नको. आमच्या वेळा लिहा.”

“चूक झाली, मान्य हाय. अकरा जणांचं आसं झालंय. म्हणून तर ठरवलंय, येत्या रविवारी तुमच्या समद्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. बायकास्नी बी फेटा बांधायचा!”

“सत्कार नको. वेळ लिहा.”

“मग आसं करूया, समद्यास्नी सहा तास लिवतो. सारखं. कुणाला वाईट वाटायला नको.”

“मी पाच एक्केचाळीसला आले.”

“एकोणीस मिनिटांनी काय हुतंय वैनी?”

“तेवढीच मिनिटं तुमच्या पाहुण्यांना थांबवलं असतं तर काय झालं असतं?”

त्यावर त्यांनी माझ्यासाठी आलेला चहा स्वतःकडे ओढला आणि बशीत ओतून पिऊन टाकला.

आमच्याकडे चूक निस्तरायची ही ठरलेली रीत आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा सत्कार करायचा. पेठ वडगावच्या माझ्या चुलत सासऱ्यांचं नाव तालमीच्या नव्या इमारतीच्या फलकावर घालायचं राहून गेलं, तेव्हा त्यांनाही असंच व्यासपीठावर बसवलं होतं. शाल कपाटात आहे. फलकावर नाव अजून नाही. खांद्यावर शाल पडली की माणसाला तोंड उघडता येत नाही, हे करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

घरी आले तर नवरा म्हणाला, “पाच तासांच्या आत आली असतीस तर चटई जागेवर होती.” त्या दिवशी त्याला मी भाकरी वाढली, भाजी त्याची त्यानं घेतली. मर्यादा सहा तासांची छापली होती. पाहुण्यांच्या गाडीच्या वेळेवर मी माझा सराव बेतायचा?

तरी वही घेऊन बसले, कारण चिडलं म्हणून हिशोब चुकवून चालत नाही. पहिलं अर्धं अंतर दोन तास सत्तावीस मिनिटांत. दुसरं तीन तास चौदा. म्हणजे सकाळच्या गारव्यात मी उगाच जोर केला आणि उन्हात ढेपाळले. सरावात सव्वीस किलोमीटरच्या पुढे एकदाही गेले नव्हते. सहा रविवार ठरवले होते, त्यातले तीन साखरपुडा, बारसं आणि पुन्हा साखरपुडा यांत गेले. हे सगळं माझं आहे, ते मी माझ्या नावावर लिहिलं. त्याखाली पुढच्या सरावाचा बेत. मंगळवारी रंकाळ्याला दोन फेऱ्या, गुरुवारी टेंबलाईच्या टेकडीचा चढ, रविवारी लांब पळणं, आणि शर्यतीआधी तीनदा तरी बत्तीस किलोमीटर. नातेवाइकांच्या कार्यक्रमांना जेवायच्या वेळेला जायचं, आधी नाही.

शुक्रवारी जोडीदाराचा फोन आला. नंबर त्यानं सचिवांकडूनच मिळवला होता, आणि माझ्या वहीचंही तिथेच ऐकलं होतं. तो सत्काराला जाणार होता. मी चिडले. “शालीवर गप्प बसणार तुम्ही?”

“ताई, मी सुट्टी टाकून पळालोय. कारखान्यात समदी हसत्यात, खरंच पळालास का टेम्पोत बसून आलास म्हणून. माझ्याकडं घड्याळ न्हाय. माझा येळ तुमच्या वहीतच हाय. वही घेऊन या तेवढी.”

गेले. सकाळी दहाचा कार्यक्रम सव्वाअकराला सुरू झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी जागेवरून मान हलवली आणि उठले नाही. शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं, तरी नाही. मग त्याचं नाव आलं. त्यानं शाल घेतली, नारळ घेतला, फेटा बांधून घेतला, आणि खाली उतरायच्या ऐवजी माइककडे गेला.

“शाल दिलीसा, लई आभार. फेटा बी झ्याक हाय. पर पळायला मला किती येळ लागला ते तुमच्या कागदावर न्हाय. ह्या ताईंच्या वहीत हाय. ते तेवढं वाचतो.”

मी वही पुढे पाठवली. त्यानं एकेक आकडा सावकाश वाचला. पाच तास, एक्केचाळीस मिनिटं, बारा सेकंद. टाळ्या पडल्या. सचिवांनीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

बुधवारी यादी दुरुस्त होऊन आली. आम्हा अकरा जणांच्या नावापुढचं ‘अपूर्ण’ गेलं होतं. तिथे आता होतं, ‘पूर्ण. वेळ उपलब्ध नाही.’

उपलब्ध नाही! भर सभेत माइकवरून वाचून दाखवली, त्यावर टाळ्या वाजवल्या, आणि उपलब्ध नाही. हिवाळ्याच्या शर्यतीला मी तरीही लिहून विचारलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आणि बरोबर होतं. वेळेशिवायचं प्रमाणपत्र चालत नाही. त्यांच्यावर मला रागावता येईना.

म्हणजे पुन्हा एक पूर्ण मॅरेथॉन पळायची, आणि हिवाळा एक वर्ष पुढे. दुसऱ्या गावची पळता आली असती. पण मी ठरवलं की इथेच पळायचं, आणि पैसे भरायच्या आधी सचिवांकडून लिहून घ्यायचं की सहा तास पुरे होईपर्यंत चटई हलणार नाही.

“लिवून कशाला वैनी, शबुद हाय की आमचा!”

“लेटरहेडवर पाहिजे. सही आणि शिक्का.”

पंधरा दिवसांत चार वेळा गेले, तेव्हा पत्र मिळालं. ‘सहा तास पूर्ण होईपर्यंत वेळनोंदणीची चटई जागेवरून हलवली जाणार नाही.’ छान. खाली आणखी एक ओळ होती. ‘प्रमुख पाहुण्यांच्या आगमनाची वेळ वगळता.’

ती ओळ मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, लाल पेनानं खोडली आणि पत्र पुन्हा टाईप करायला परत दिलं. अजून आलेलं नाही. सोमवारी पाचव्यांदा जायचं आहे. रविवारी बत्तीस किलोमीटर आहेत. इचलकरंजीचा गडी रात्रपाळी संपवून पहाटेच्या पहिल्या एसटीनं येतोय, आणि यावेळी दोघांची वेळ वहीत तोच लिहिणार आहे.