कन्याकुमारी व्हाया घमापूर

सायकलच्या कॅरिअरवर किती सामान बांधायचं याला मर्यादा असते, किश्श्यांना नसते. बनारसहून निघताना माझ्याकडे दोन बॅगा होत्या. कन्याकुमारीला पोचेपर्यंत त्यातली एक हरवली, आणि किस्से इतके साठले की बायको आता म्हणते, "अहो, पाहुण्यांना आधी चहा तरी घेऊ द्या!"

आम्ही तिघं जबलपूरच्या मराठी मंडळातले. बंडूभाऊ, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. माधुरीताई, शाळेत गणित शिकवतात. आणि मी, बँकेतून सुटलेला. गरिबाला परवडेल असं घर मिळावं म्हणून सायकलवर देश पालथा घालायचा आणि वाटेत अशी घरं बांधली जात असतील तिथे एक दिवस श्रमदान करायचं, असा बेत होता.

खरं कारण मात्र होत्या मंडळात स्वयंपाक करणाऱ्या रामकलीबाई. जबलपुरातच, घमापूरला त्यांची स्वतःची एवढीशी जागा होती, पण घर बांधायची ऐपत नव्हती, म्हणून राहायच्या भाड्याच्या खोलीत. तिथे देवांच्या तसबिरीसुद्धा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मकान मालिक कील नहीं ठोकने देता, भैया. सात मकान बदले, सातों में यही."

ओळखीच्या एका हार्डवेअरवाल्या सेठनी पैज लावली. "तीनों कन्याकुमारी पहुँच गए, तो बाई के घर का सारा सामान मेरी तरफ से. एक भी कम हुआ, तो कॅन्सल!"

* * *

आमच्या सायकलींवर बोर्ड होता, 'सबको अपना घर'. मैहरच्या पुढे एका टपरीवर चहा घेत होतो. एक गृहस्थ मोटरसायकल थांबवून जवळ आले. "प्लॉट क्या भाव चल रहा है?"

बंडूभाऊंनी त्यांना खाली बसवलं. घर हा माणसाचा हक्क कसा आहे, डोक्यावर छप्पर नसलं की मुलांच्या शिक्षणाचं काय होतं, सगळं समजावलं. चहा गार झाला. गृहस्थ हात जोडून ऐकत होते. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "सब समझ गया, गुरुजी. कॉर्नर का मिलेगा?"

* * *

या रस्त्याची एक भानगड म्हणजे तो आमच्याच गावातून जातो. सिहोऱ्याला बंडूभाऊंनी फर्मान काढलं. "जबलपूरले कोणी घरी जाणार नाही! सगळे मंडळाच्या हॉलमध्ये झोपतील. एकदा का घरच्या गादीवर पाठ टेकली, तर तिकडे रामकलीबाईचं घर गेलं समजा!"

हे पटण्यासारखं होतं. मी हॉलच्या सतरंजीवर मुकाट्याने झोपलो, माझं घर दोन गल्ल्या पलीकडे असून. सकाळी बघतो तर बंडूभाऊ गायब. माधुरीताई आणि मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या सौभाग्यवतींनी उघडलं. आत पंख्याखाली, पांघरूण डोक्यावर घेऊन नेते घोरत होते.

"काहून हो भाऊ?" माधुरीताई ओरडल्या.

ते दचकून उठले. "मी तर फक्त हवा भरायचा पंप घ्यायला आलो होतो!"

पंप आदल्या दिवसापासून माझ्या सायकलला बांधलेला होता. वहिनींनीच त्यांना ढकलत बाहेर काढलं आणि तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत स्कूटीवर मागे मागे आल्या. मागे वळायची सोयच ठेवली नाही बिचाऱ्यांना.

* * *

नागपूरच्या पुढे एका गावात श्रमदान होतं. बंडूभाऊ म्हणाले, समोरची भिंत आपली. माधुरीताई दर थराला ओळंबा लावून बघत होत्या, बंडूभाऊ एक डोळा मिटून रेघ तपासत होते. मी विटा पुरवत होतो. संध्याकाळपर्यंत छातीएवढी भिंत उभी राहिली, वहीत आखल्यासारखी. आम्ही तिचे फोटो काढत होतो, तेवढ्यात पलीकडून गवंडी मामांचं डोकं वर आलं. ते दिवसभर आत मागची भिंत चढवत होते.

"मास्तर, भिंत एक नंबर झाली," ते म्हणाले. "आता मले दार कुठी हाय ते सांगा."

* * *

तमिळनाडूत आमची हिंदी चालेना आणि मराठीचा तर प्रश्नच नव्हता. बंडूभाऊंनी खडूने शाळेच्या ओट्यावर चित्र काढलं. एक घर, बाहेर तीन सायकली, तीन माणसं. गावच्या पुढारीणबाईंनी ते चित्र पाहिलं, आमचे करपलेले चेहरे पाहिले, आणि त्यांचा चेहराच उतरला. तासाभरात केळीच्या पानावर जेवण आलं, तीन चटया आल्या, माधुरीताईंना एक नवी साडी आली. मग एक कागद आणून त्यावर आमची नावं लिहून घेतली. गावातल्या बेघरांची यादी होती ती! बंडूभाऊंचा नंबर पहिला लागला.

खरं सांगायचा धीर आम्हाला झाला नाही.

* * *

तिघंही पोचलो. समुद्राकडे पाठ करून काढलेला फोटो सेठना पाठवला, आणि सेठनी शब्द पाळला. चार महिन्यांत घमापूरला रामकलीबाईंचं घर उभं राहिलं. दार आहे, मी स्वतः तपासलं.

गृहप्रवेशाला आम्ही पेढे घेऊन गेलो. पूजा झाली आणि रामकलीबाई पदर खोचून हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेऊन आल्या. समोरच्या भिंतीवर खिळा धरला.

बंडूभाऊ ओरडले, "अरे रुको, बाई! प्लास्टर अभी कच्चा है! क्रॅक जाएगा!"

रामकलीबाईंनी हातोडी वरच थांबवली आणि मान वळवली. "गुरुजी, मकान मालिक कौन है?"

बंडूभाऊंनी खाली वाकून डब्यातला दुसरा खिळा त्यांच्या हातात दिला.