रेजिदोरासाठी दोतोर

आते खुर्चीत कधी पुरी बसली नाही. पुढचा अर्धा भाग तिचा. मागचा अर्धा जणू दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेला. पाठ ताठ, छत्री मांडीवर, नजर दाराकडे. दारात काढलेल्या तिच्या वहाणांची तोंडंसुद्धा रस्त्याकडे असत. आई आत चहाचं आधण ठेवायला गेली, की बाहेरून आवाज येई, “चला, येतंय मी.” चहा ती पिऊनच जाई, पण उभ्यानं. माझे वडील, म्हणजे तिचे भाऊ, म्हणत, ही लग्नाच्या पाटावरही अर्धीच बसली होती, म्हणून संसार अर्ध्यावर राहिला. हा विनोद ते तिच्यासमोर करत आणि आतेही हसे. विधवा होऊन तिला तेव्हा इतकी वर्षं झाली होती, की विनोदाला कुणाची हरकत उरली नव्हती.

ती गोव्यात, पेडण्याजवळ पार्श्याला राहायची. पोर्तुगीज असताना देवळाच्या अग्रशाळेत मुलांना मराठी शिकवायची, ते गेल्यावर सरकारी शाळेत. अर्ध्या गावाला तिनं मुळाक्षरं गिरवायला लावली होती, त्यामुळे अर्धा गाव तिला ‘बाई’ म्हणे. उरलेला अर्धा तिला पाहून रस्ता बदले, कारण भेटल्यावर ती शुद्धलेखन विचारी. निवृत्तीनंतर घरात ती आणि एक कुत्रा. कुत्र्याचं नाव तिनं रेजिदोर ठेवलं होतं. जुन्या राजवटीत प्रत्येक गावाला एक रेजिदोर असे, सरकारचा माणूस. “दारात उबो रवता, काम कायच करीना, पण येणाऱ्या-जाणाऱ्यान सलाम केल्याशिवाय सोडीना,” असं नावाचं कारण ती सांगायची. कुत्रा खरोखरच तसा होता. पिवळट, रुंद छातीचा, चेहऱ्यावर खातं सांभाळत असल्याचा भाव.

या रेजिदोराच्या मागच्या पायाच्या वर, पोटाशी, एक गाठ आली. काजूच्या बीएवढी. तिथून आतेच्या डॉक्टर शोधण्याला सुरुवात झाली.

माणसांच्या डॉक्टरांबद्दल तिला फार विचार करावा लागत नसे. ताप आला तर पेडण्याच्या बाजारात जो दवाखाना उघडा दिसेल त्यात शिरायची. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तिचा नियम वेगळा होता. मी एकदा चिडून विचारलं, की स्वतःसाठी कुणीही चालतो आणि कुत्र्यासाठी एवढी निवड कशाला? ती म्हणाली, “माझां दुखणां मी सांगान. ह्या मुक्या जिवान कोणाक सांगूचां?”

आणि तिचं दुसरं वाक्य, जे आमच्या घरात म्हणीसारखं राहिलं: “दोतोर बघूचो तो दुसऱ्याच्या जनावरावांगडा.” म्हणजे आपलं जनावर घेऊन गेलं, की आपलं सगळं लक्ष आपल्या जनावरावर. डॉक्टर आपल्याला दिसतच नाही, आणि त्यालाही आपण आशेनं बघतोय हे कळतं. म्हणून आधी रिकाम्या हातानं जायचं, बाकावर बसायचं, आणि दुसऱ्याच्या जनावराला तो कसा हात लावतो ते बघायचं. आते तशी जायची. बाकाच्या अर्ध्या रुंदीवर बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “वाट बघतंय.” ते खोटं नव्हतं.

पहिला डॉक्टर सरकारी. माणूस सरळ होता, पण आयुष्य गाईम्हशींत गेलेलं. कुणीतरी आणलेल्या कुत्र्याकडे तो दूध न देणाऱ्या लहान म्हशीकडे बघावं तसा बघत होता, असं तिचं मत पडलं. हळर्णच्या एका शेतकऱ्याची गाय त्यानं झटक्यात उभी केली, तेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. “गाय झालंय तर तेच्याकडेच जायन,” ती म्हणाली.

दुसऱ्याच्या दवाखान्याचं उद्घाटन डिचोलीत झालं तेव्हा मीच तिला घेऊन गेलो होतो. त्या वर्षांत आमच्याकडे उद्घाटनांचं पीक आलं होतं. घटक राज्य होणार, राजभाषा ठरणार, आणि तोवर जे मिळेल त्याची फीत कापून घ्यावी अशी पुढाऱ्यांची घाई. मांडव होता, ध्वनिक्षेपक होता. मुक्या प्राण्यांविषयी पाऊण तास भाषण झालं. शेवटी एका गाईला हार घातला, तो तिनं लगेच खाल्ला. समारंभातली तेवढीच गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात आते बाकावर बसून आली. डॉक्टरच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली त्याचे मंत्र्यांबरोबरचे फोटो. मयेची एक बाई बकरी घेऊन आली होती. डॉक्टरनं बाईचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, कुणाकडून आलात ते विचारलं. “बकरेक कायच इचारूंक ना,” आते म्हणाली आणि छत्री उघडली.

तिसरा डॉक्टर डिचोलीतच, बाजाराच्या मागे, खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याला. एक खोली, एक मेज, आणि सगळ्यावर तांबडी धूळ. धूळ तो दर जनावरामागे पुसायचा आणि पुढचं जनावर येईपर्यंत ती पुन्हा बसायची. आते त्या बाकावर कितीदा बसून आली मला माहीत नाही. मी त्या वेळी डिचोलीत एका खाणीच्या कचेरीत कारकुनी करत होतो. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो, की कधी कधी ती रस्त्याच्या पलीकडे छत्रीसकट दिसायची.

तिनं त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली. ट्रक आला की दवाखान्याची जमीन हादरते, फळीवरच्या बाटल्या वाजतात आणि मेजावरचं जनावर थरथरतं. डॉक्टर त्या वेळी हातातली सुई खाली करतो, दुसरा हात जनावराच्या मानेवर ठेवतो आणि थांबतो. एकामागून एक ट्रक आले तर तो तसाच उभा राहतो. बाहेर खोळंबलेली माणसं कुरकुरतात, पण त्याला घाई नसते. “ट्रक जाव दिता,” आते म्हणाली. स्वतः जन्मात कधी थांबली नाही अशी बाई हे सांगत होती.

मला वाटलं, झालं. निवड संपली. पण पुढच्याच रविवारी तो डॉक्टर कोंकणीच्या सभेत बोलला.

त्या दिवसांत आमच्याकडे माणसं दोन प्रकारची होती. मराठी राजभाषा व्हावी म्हणणारी आणि कोंकणी व्हावी म्हणणारी. दोन्ही बाजूंची माणसं घरी एकाच बोलीत भांडत आणि एकाच बोलीत कुत्र्याला हाका मारत. पण सोयरीक, किराणा आणि न्हावी यांचीसुद्धा वाटणी झाली होती. आते मराठीची. मोर्चात पुढच्या रांगेत चालणारी, कारण पुढच्या रांगेत वेग जास्त असतो. जी भाषा तिनं पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात देवळात बसून शिकवली, तिच्याविरुद्ध हा माणूस सभेत टाळ्या घेतो. त्याच्याकडे कुत्रं न्यायचं म्हणजे काय? गावातल्या तिच्या बाजूच्या बायकांनी तेवढ्यात आपापल्या म्हशींचे डॉक्टर बदललेही होते.

मग ती नवाच शोध करू लागली. त्याच्यासारखे हात आणि आपल्यासारखी मतं असलेला डॉक्टर. म्हापसा झालं, सावंतवाडी झाली. छत्री घेऊन सकाळी निघायची, दिवेलागणीला परत यायची, आणि प्रत्येक वेळी एक काहीतरी कमी पडलेलं असायचं. मतं मिळायची, ती मुबलक होती. हात मिळत नव्हते. इकडे गाठ काजूच्या बीची सुपारी झाली, सुपारीची आंब्याएवढी झाली. रेजिदोर दारात उभा राहायचा तो आता बसून सलाम घेऊ लागला. मी तिला दोनदा बोललो. दुसऱ्यांदा तिनं मला शुद्धलेखन विचारलं, म्हणजे विषय संपला.

राजभाषेवरून बंद पुकारला होता, त्या दिवशी मी पार्श्यालाच अडकलो होतो. सकाळी तुळशीपुढे रक्त दिसलं. गाठ फुटली होती. रेजिदोर ती चाटत होता आणि मध्येच थांबून आमच्याकडे असा बघत होता, की हे कुणी केलं याची चौकशी व्हावी. आते घरात गेली, जुनं लुगडं घेऊन आली, कुत्र्याला त्यात गुंडाळलं आणि म्हणाली, “जीप बघ कोणाची.” कुठं जायचं ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

जीप मिळाली, पण वाटेत झाडं आडवी टाकली होती. झाड दोन्ही भाषांत आडवंच पडतं. तरी ही झाडं आमच्या बाजूची होती. त्यांच्यावर बसलेली माणसं आतेचे जुने विद्यार्थी. तिला पाहून ती उठून उभी राहिली. बाई खंय चललात, कुत्र्याक काय झालां, असं सगळं झालं. मग तिनं डॉक्टरचं नाव सांगितलं. त्यांतला थोरला, मिशा पिकू लागलेला, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, “बाई, तो तेंचो मनीस.”

“भाशण वायट करता तो,” आते म्हणाली. “पण हात बरे आसत तेचे.”

 त्या माणसानं आपल्या खांद्यावरचा पंचा काढून रेजिदोराखाली घातला. चौघांनी कुत्र्याला झाडावरून पलीकडे दिलं. पलीकडे एक टेम्पो अडकला होता, तो त्यांनीच वळवून दिला. बंद पाळण्याच्या बाबतीत आमच्या लोकांची शिस्त ही अशी.

डिचोलीत दुकानं बंद होती. डॉक्टर दवाखान्याबाहेर उभा होता, खांद्याला शबनम, सभेला निघालेला. त्यानं लुगडं उघडून पाहिलं, शबनम खुंटीला लावली आणि हात धुतले. आधी रेजिदोराला ते ओले हात हुंगू दिले. मग गाठ चाचपली. चाचपता चाचपता, वर न बघता, तो आतेला म्हणाला, “बाय, ही गांठ ल्हान आसतना तुमी हांगा येवन बसतालीं. हांवें पळयल्यांत तुमकां. सुण्याक कित्याक हाडलो ना?”

गाठ लहान असताना इथं येऊन बसत होता, मग कुत्र्याला का आणलं नाहीत, असं तो विचारत होता. उत्तर द्यायला आतेकडे दोन्ही भाषा होत्या. तिनं एकही वापरली नाही. भिंतीशी एक कदेल होतं, म्हणजे आमच्याकडची साधी लाकडी खुर्ची. आते त्यात बसली. पुरी, पाठ टेकून. छत्री तिच्या मांडीवरून घसरून खाली पडली, तीही तिनं उचलली नाही.

त्या दिवशी रस्त्यानं एकही ट्रक गेला नाही. बाटल्या वाजल्या नाहीत, मेज हाललं नाही, डॉक्टरला सुई एकदाही खाली करावी लागली नाही. इतकी शांत डिचोली मी नंतर कधी ऐकली नाही. त्या सगळ्या आंदोलनाचा एवढाच निव्वळ फायदा माझ्या पाहण्यात आला.

रेजिदोर वाचला. मागचा पाय थोडा ओढू लागला, त्यामुळे आणखीच अधिकारी वाटू लागला. पुढे राजभाषा ठरली, राज्य झालं, फटाके वाजले. तो पलंगाखाली शिरला आणि मिरवणूक गेल्यावरच बाहेर आला. आतेनं डॉक्टरशी भाषेवरून भांडणं शेवटपर्यंत सोडलं नाही. टाके काढायला गेली तेव्हाही भांडली, लस टोचायला गेली तेव्हाही. तो ऐकून घ्यायचा, ट्रक आला की थांबायचा, ट्रक गेला की उत्तर द्यायचा. काही वर्षांनी रेजिदोर म्हातारपणानं दारातच गेला, तेव्हा डॉक्टर पार्श्याला येऊन गेला. आतेनं त्याला चहा दिला आणि स्वतः उभ्यानं प्यायली.

मग आतेची एक बाजू गेली आणि वाचाही गेली. पणजीच्या मोठ्या इस्पितळानं जेवढं करायचं तेवढं करून तिला आमच्याकडे, डिचोलीला, पाठवलं. पुढं कुणाच्या हाती द्यायचं, यावर घरात मतं मुबलक होती. एकानं पदव्या सांगितल्या, एकानं ओळखी. मी कचेरीतून रजा घेतली आणि बाकांवर बसायला लागलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, वाट बघतोय. बेळगावकडून खाणीवर आलेल्या एका मजुराच्या आईला एक तरुण डॉक्टर तपासत होता. तिला मराठी येत नव्हतं, त्याला कानडी. तरी तो मुलाकडे न बघता तिच्याशीच बोलत होता. त्याला मी घरी बोलावलं.

तो आला तेव्हा आते खाटेच्या कडेला होती. आम्ही तिला रोज मधोमध निजवायचो आणि ती चांगल्या हाता-पायानं रेटत रेटत कडेला जायची. निम्मी खाट रिकामी. डॉक्टर त्या रिकाम्या निम्म्या भागावर बसला. त्यानं तिचा गेलेला हात आपल्या हातात घेतला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावर ट्रक आला. जनेलाच्या काचा थरथरल्या. मागोमाग दुसरा, तिसरा. डॉक्टर बोलला नाही. हात तसाच धरून थांबला.

ट्रक गेले. आतेनं डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.