थिनरचा वास

लाकडी सामानाच्या शेडमध्ये पॉलिश करणाऱ्याला सगळे चकाचक म्हणत. स्वतःच्या कामाला तो इतक्या मोठ्यांदा ‘चकाचक!’ म्हणे, की त्याचं खरं नाव लोकांच्या तोंडातून गळूनच पडलं. कपाट झालं की त्याच्या आरशासारख्या दारात बघून आधी भांग पाडायचा, गिऱ्हाईक ताटकळे.

मधुमेहाशी त्याचं नातं सासऱ्यासारखं: मान द्यायचा, ऐकायचं नाही. इन्शुलिनची सुई तेवढी जेवणाआधी नेमानं घ्यायचा. जेवण नाही तर सुई नाही, हा त्याचा खाक्या.

मग ताप आला. अन्न नकोसं झालं, उलट्या लागल्या. सुई बंद. तहान मात्र भागेना आणि लघवीला सारखं उठणं.

“अहो, तांब्या तोंडापासून काढा की! वाळवंटातून आलात का?” बायको म्हणाली.

“पोटात दुखतंय गं.”

“हुंगा अजून ते पॉलिशमधलं थिनर! तोंडालासुद्धा त्याचाच वास मारतोय.”

तो वास घरात उशीला, टॉवेलला, मुलीच्या दप्तरालाही होता. ताप आल्यापासून चकाचक शेडकडे फिरकलाच नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमधला सुतार भेटायला आला. चकाचक पडल्या पडल्या धाप लागल्यासारखा खोल श्वास घेत होता.

“काय रे, भाता चालवतोस का?” सुतार हसला. उत्तर आलं ते भलतंच, अर्धवट. सुताराचं हसू विरलं. त्यानं मित्राला उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला, रक्त तपासलं.

“इन्शुलिन नसलं की शरीराला रक्तातली साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं होतात, ती रक्तात साचलीत. उलट्या, पोटदुखी, हा श्वास, हा वास, सगळं त्याचंच.”

“पण घास नव्हता हो पोटात! उपाशी माणसाला सुई कशी टोचायची?” गाडीतून सोबत आलेली बायको म्हणाली.

“आजारपणात इन्शुलिन जास्तच लागतं. साखर तपासून डोस आम्हाला विचारायचा. बंद नाही करायचं.”

सलाइन लागलं, इन्शुलिन सुरू झालं. साखर उतरू लागली, पण हृदय फार थकलं होतं. संध्याकाळी ते थांबलं.

नर्सनं त्याचे कपडे पिशवीत घालून दिले. बायको ती छातीशी धरून डॉक्टरीणबाईंच्या मागे गेली.

“बाई, काल आणलं असतं तर?”

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. ‘काही उपयोग झाला नसता’ असं त्या म्हणाल्या नाहीत.