आधी सांग, मग हात लाव

सिस्टरांच्या हाताखाली नर्सिंग शिकलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती आधी पलंगाची गोष्ट सांगेल. कॉलेजात आल्या आल्या प्रत्येकीला एक अख्खा दिवस वॉर्डात पेशंट होऊन पडावं लागे. उठायचं नाही, आपल्या हातानं जेवायचं नाही. दुसरीनं भरवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची. मुली आधी खिदळत. मग कुणीतरी न विचारता तोंडात चमचा कोंबे, न सांगता पांघरूण ओढे, आणि डोळ्यांत टचकन पाणी येई. सिस्टर म्हणत, "कळलं ना? आधी सांगायचं, मग हात लावायचा."

स्वतः सिस्टर मात्र त्या पलंगावर कधी पडल्या नव्हत्या. सवड कुठे होती! घरात त्या थोरल्या, धाकट्या भावंडांना न्हाऊमाखू घालता घालता वाढलेल्या. नन व्हायला मठात निघाल्या तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तिथं तरी कुणाला तुझं काही करू दे." ते काही जमलं नाही. आधी शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला. तापानं फणफणलेली पोरं बाकावर डोकं टेकून बसत. त्यांना नुसतं घरी पाठवून सिस्टरांचं मन मानेना, म्हणून त्या नर्सिंग शिकल्या आणि पुढे तेच शिकवू लागल्या. पहाटे चॅपलमध्ये गुडघे टेकून "प्रभू, मी स्वतःला तुझ्या हाती सोपवते" म्हणायचं आणि तरातरा कामाला लागायचं. इतक्या घाईत असलेल्या बाईला हाती घ्यायचं म्हणजे देवाचीही पंचाईतच!

पंचाहत्तरी उलटल्यावर ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी मात्र बजावलं, "वरचेवर कूस बदलली पाहिजे. पाठीला जखमा होऊन चिघळल्या तर उभं राहायचं विसरा." सिस्टरांना तर नव्या वर्गासमोर उभं राहायचं होतं. पण कुणी हात लावायला आलं की त्या पलंगाचा दांडा घट्ट धरत. "राहू दे गं, माझं मी बघते." बघत काहीच नव्हत्या. पाठ लाल व्हायला लागली होती.

वॉर्डाची मेट्रन त्यांचीच विद्यार्थिनी. शिकताना ती इतकी धांदरट होती, की सिस्टरांनीच तिचं नाव 'वादळ' ठेवलं होतं. ती येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सिस्टर, दांडा धरून ठेवणारा पेशंट दुप्पट जड होतो. हे मला कुणी शिकवलं?"

"मीच."

"मग सोडा."

"सोडते. तू जा आधी."

वादळ जाते कसली! खुर्ची ओढून बसली. सिस्टरांना तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. जन्मभर दुसऱ्यांना उचललं, आता आपण ओझं झालो, या विचारानं त्यांना रडू फुटलं.

"मला नाही गं जमत."

"सिस्टर, नवी बॅच आलीय, बाहेर उभी आहे," वादळ म्हणाली. "मुलींना शिकायला पेशंट हवाय. आणि पलंगावरचा तुमचा दिवस अजून राहिलाय."

सिस्टरांनी डोळे पुसले. मग त्यांचा नेहमीचा वर्गातला आवाज आला, "मग बाहेर काय उभ्या केल्यास? बोलव."

कडक इस्त्रीच्या एप्रनमधल्या मुली पलंगाभोवती दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघी पुढे आल्या आणि एकीनं घाबरत खांद्याकडे हात नेला.

"आधी सांग."

"सिस्टर, आम्ही दोघी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतोय. गुडघ्यांमध्ये उशी ठेवते. दुखलं तर लगेच सांगा."

"शाब्बास."

मग सिस्टरांनी डोळे मिटले, पहाटेचं तेच वाक्य ओठांतल्या ओठांत म्हटलं, आणि दांडा सोडला.